शिष्यवृत्ती कुणाच्या नावाची, कुणाच्या कामाची

गेल्या वर्षी ऐन श्रावणात आमचे सर गेले. भाईंदरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. पण त्यांच्या विद्यार्थ्यांना वर्गातले सर फारसे आठवत नाहीत. त्यांना आठवतात ते रविवारी पहाटे स्टेशनबाहेर, गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून उभे असलेले सर. तिथून ते दहा-बारा मुलांना घेऊन मिठागरांच्या बांधावर जात. मी त्यांच्याच बरोबरीने जीवशास्त्र शिकवत होते. खरं तर पक्षी हा माझा विषय. पण पक्षी बघायला चिखलात पाय घातला तो त्यांनी.

महिन्याभराने माजी विद्यार्थी जमले. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे पैसे काढले आणि तीन लाख चाळीस हजार रुपये उभे राहिले. ते मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाकाठी वीस-बावीस हजार रुपये हाती येतील, असा हिशेब झाला. सरांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं आणि ती कुणाला द्यायची, यावर लगेच मतभेद झाले. कुणी म्हणालं, दहावीला विज्ञानात पहिला येईल त्याला द्या. कुणी निबंधस्पर्धा सुचवली. कुणी म्हणालं, गुणांची अट नसेल तर उद्या वशिल्याचा आरोप होईल. शेवटी चौघांची समिती नेमली गेली आणि माझ्याकडे काम आलं ते असं : वन्यजीव आणि निसर्ग या क्षेत्रात थोरांच्या नावाने ज्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या कशा चालतात ते पाहून एक टिपण तयार करावं. ते टिपण लांबत गेलं. हा लेख त्यातूनच झाला.

०००

आधी आमच्या गावाबद्दल. मिरा-भाईंदर म्हटलं की वाचकांना आठवते ती लोकलची गर्दी आणि उंच इमारतींच्या रांगा. पण नकाशा पाहिला तर या शहराच्या उत्तरेला वसईची खाडी आहे, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि आग्नेयेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. त्याआधीची राई, मुर्धे, नवघर, गोडदेव, घोडबंदर ही आगरी-कोळ्यांची गावं. भातशेती, मासेमारी आणि मिठागरं यांवर जगणारी. मिठागरांचा बराच भाग अजून शिल्लक आहे, आणि हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी उतरतात.

ते मिठागरातच का उतरतात, हे सर मुलांना भूगोलातून समजावत. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो. तुतारी, चिखल्या, पाणटिवळा असे पक्षी त्या चिखलात किडे आणि शिंपले शोधत पांगलेले असतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग पक्ष्यांना उथळ, उघडी, कोरडे बांध असलेली जागा हवी असते आणि ती मिठागरात मिळते. म्हणजे खाडी हे त्यांचं ताट आणि मिठागर हा त्यांचा ओटा. दोन्हींपैकी एक गेलं तरी पक्षी जातात. त्यांची मोजणी करायची तर भरतीच्या वेळी, सगळे एकत्र आलेले असताना करावी लागते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, मध्ये भांगाचं पाणी असतं. तेव्हा एका हिवाळ्यात पक्षी किती होते एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल, तर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत दर पंधरवड्याला त्याच बांधावर, योग्य त्या घटकेला कुणीतरी उभं राहावं लागतं. या कामाला हुशारी लागते, पण त्याहून जास्त लागतो तो वेळ. आणि वेळ फुकट मिळत नाही.

टिपण लिहिताना मला सापडलेली पहिली गोष्ट ही होती. क्षेत्रीय अभ्यासाच्या शिष्यवृत्तीतून मुख्यतः विकत घेतला जातो तो एका माणसाचा वेळ.

०००

या देशातल्या पक्षिशास्त्राची कुठलीही गोष्ट सलीम अलींपाशी येते. त्यांना मिळालेले मानसन्मान सर्वांना ठाऊक आहेत. मी मात्र वेगळ्या नजरेने त्यांचं चरित्र चाळलं. आमच्या समितीपुढे विशीतले सलीम अली अर्ज घेऊन आले असते, तर आम्ही त्यांना शिष्यवृत्ती दिली असती का?

१८९६ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांविना पोरका झाला आणि मामांकडे वाढला. १९०८ च्या सुमारास त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला पाठवलं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत. ही संस्था १८८३ साली आठ जणांनी स्थापन केली होती. त्यांपैकी दोघे आपले : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. तिथे डब्ल्यू. एस. मिलर्ड हे मानद चिटणीस होते. दारात आलेल्या बारा वर्षांच्या पोराला त्यांनी पिटाळून लावलं नाही. पक्ष्याची ओळख पटवून दिली, संग्रहाची कपाटं उघडून दाखवली, वाचायला पुस्तकं दिली. पुढचं सगळं त्या भेटीतून उगवलं, असं सलीम अली स्वतः सांगत.

आता गुणपत्रिका पाहू. १९१३ साली ते मॅट्रिक झाले ते जेमतेम. पुढे कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशात कौटुंबिक धंद्यासाठी गेले. परत आल्यावर सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा एक छोटा अभ्यासक्रम पुरा केला, पण विद्यापीठाची रीतसर पदवी काही मिळवली नाही. पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी केली. मग बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेसेमान या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. श्ट्रेसेमानना ते गुरू मानत. १९३० साली परतले तर इथली जागा बंद झालेली. नोकरी नाही, हाताशी फार पैसा नाही. अशा अवस्थेत ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. बाकी काही काम नव्हतं म्हणून ते रोज तिच्याकडे बघत बसले. सुगरणीचा नर एकामागून एक घरटी विणतो आणि अनेक माद्यांशी संसार मांडतो, ही त्यांची प्रसिद्ध निरीक्षणं या बेकारीच्या काळातली आहेत.

त्यानंतर त्यांनी जी युक्ती केली ती आमच्या समितीला सर्वांत उपयोगाची वाटली. सोसायटीमार्फत त्यांनी संस्थानिकांकडे प्रस्ताव पाठवले : तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, मला मेहनताना नको, फक्त प्रवासाचा आणि तळ ठोकण्याचा खर्च द्या. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून या पाहण्या सुरू झाल्या, मग त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थानं. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे जाडजूड ग्रंथ या खर्चापुरत्या पैशांवर उभे आहेत. आजच्या भाषेत याला लघु अनुदान म्हणतात.

थोडक्यात, गुणांच्या अटीवर सलीम अली आमच्या पहिल्या चाळणीतच गळाले असते. हे वाक्य मी टिपणात तसंच लिहिलं. समितीच्या बैठकीत ते वाचल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही.

०००

पुढे दिवस फिरले. ज्याच्याकडे पदवी नव्हती त्या माणसाला मुंबई विद्यापीठाने पदव्युत्तर संशोधनाचा मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांतले व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणीच्याच कुळावर काम केलं; गुरूने किहीमला पाहिलेलं शिष्याने पुढे नेलं. पैशाची बाजूही हळूहळू उभी राहिली. सिंगापूरचा चित्रपटगृहांचा मालक लोक वान थो हा महायुद्धाच्या काळात भारतात आश्रयाला आला होता, पक्ष्यांची छायाचित्रं काढण्याच्या नादाने सलीम अलींचा मित्र झाला. त्याने सोसायटीच्या पक्षिसंशोधनाला सढळ हाताने मदत केली. १९६४ साली तैवानमध्ये विमान अपघातात तो गेला. सलीम अलींना पुढे जे. पॉल गेटी पारितोषिक मिळालं तेव्हा त्याची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी सोसायटीकडे सोपवली. ज्याला स्वतःला खर्चापुरते पैसे मागत हिंडावं लागलं, त्याने दुसऱ्यांसाठी खर्चाची सोय करून ठेवली.

पण गुरू-शिष्य नात्याची खरी परीक्षा पैशात होत नाही. ती भरतपूरला झाली.

राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव घना हे सलीम अलींचं जीवापाड प्रेमाचं ठिकाण. राजेरजवाड्यांच्या बदकशिकारीची ही पाणथळ जागा वाचावी म्हणून ते वर्षानुवर्षं झटले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ साली आतली गुरचराई बंद करण्यात आली. चराई थांबलीच पाहिजे, असं सलीम अलींचंही मत होतं. आसपासच्या गावांतल्या लोकांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आल्या होत्या. लोक चिडले, संघर्ष झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली.

त्याच वर्षांत सोसायटीचा भरतपूरमधला दीर्घ अभ्यास चालू होता. त्याची धुरा व्ही. एस. विजयन यांच्याकडे होती. त्यांनी सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली बुलबुलांवर डॉक्टरेट केली होती. जवळजवळ दहा वर्षं पाणी, गवत, मासे, पक्षी यांची मोजमापं घेतली गेली. निष्कर्ष सर्वांच्या अपेक्षेच्या उलट निघाला. म्हशी होत्या तोवर पाण्यातलं पास्पलम नावाचं गवत आटोक्यात होतं. म्हशी गेल्या आणि गवताने उघडं पाणी गिळायला सुरुवात केली. बदकांना पोहायला, चरायला जागा उरेना. ज्या पक्ष्यांसाठी म्हशी बाहेर काढल्या, त्यांचंच नुकसान झालं. १९९१ साली हा अहवाल आला तेव्हा सलीम अलींना जाऊन चार वर्षं झाली होती.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, गुरूचं मत चुकीचं होतं हे गुरूच्याच संस्थेने, गुरूच्याच शिष्याने, गुरूने शिकवलेल्या मोजमापाच्या शिस्तीने सिद्ध केलं. दुसरी अशी की, याबद्दल विजयन यांना कुणी गुरुद्रोही ठरवलं नाही. कोइंबतूरजवळ अनैकट्टीला सलीम अलींच्या नावाने पक्षिशास्त्र आणि निसर्गविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं, त्याचे पहिले संचालक विजयनच होते. तिकडे गोळीबारात मेलेल्यांची माणसं मात्र परत आली नाहीत. अभ्यास आधी आणि बंदी नंतर, असा क्रम असता तर कदाचित ती वाचली असती. क्षेत्रीय अभ्यासाला वेळेवर पैसा न मिळण्याची किंमत कधीकधी अशी चुकवावी लागते.

०००

याच केंद्राच्या संचालकपदावर पुढे आलेल्या रवी संकरन यांच्या नावाने आज जी पाठ्यवृत्ती चालते, ती आमच्या शोधाला सर्वांत जवळची ठरली. एका वन्यजीव संशोधकाची कारकीर्द आणि त्याने तरुणांना दिलेला हात, या दोन्हींचं ते स्मारक आहे.

रवी संकरन यांचा जन्म १९६३ चा. ऐन पंचविशीच्या आसपास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रकल्पात माळराना-गवतांवरच्या दुर्मीळ पक्ष्यांचा अभ्यास करत होते. तणमोर हा त्यांचा पहिला विषय. पावसाळ्यात गवत वाढलं की तणमोराचा नर मादीला दिसावं म्हणून गवतातून टुणकन वर उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा. त्या उड्या मोजायच्या म्हणजे पावसात, चिलटांत, गवतात दिवसच्या दिवस बसणं आलं. या कामावर त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. तणमोर आपल्याकडे अकोला-वाशीमच्या भागातही येतो, आणि तिथे फासेपारधी समाजातली, एके काळी पक्षी पकडण्यात तरबेज असलेली माणसं आज त्याच्या राखणीत पुढे आहेत. हा संदर्भ मुद्दाम देते, कारण संकरन यांनी पुढे अंदमानात नेमकी हीच वाट धरली.

अंदमान-निकोबारच्या गुहांमध्ये पाकोळीच्या जातीचा एक छोटा पक्षी आपल्या लाळेचं पांढरं घरटं बांधतो. चिनी स्वयंपाकात या घरट्यांच्या सुपाला प्रचंड भाव. पिल्लं बाहेर पडण्याआधीच घरटी ओरबाडली जात आणि पक्षी झपाट्याने कमी होत चालले होते. संकरन बेटाबेटावरच्या गुहा चढून-उतरून हिंडले, घरटी मोजली. केवळ बंदी घालून भागणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. गुहा शेकडो, पहारेकरी मूठभर. ज्यांना प्रत्येक गुहेची वाट ठाऊक होती त्या घरटी काढणाऱ्यांनाच त्यांनी राखणदार केलं. पिल्लं उडून गेल्यावर रिकामं घरटं काढलं तर पक्षीही टिकतो आणि पोटही भरतं, हा विचार त्यांनी वनखात्याला आणि स्थानिकांना पटवला. शिवाय घरांमध्ये घरटी करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पाकोळीच्या घरट्यात या पक्ष्याची अंडी ठेवून त्याला घरात वसवण्याचे प्रयोगही सुरू केले.

त्यांच्या मार्गदर्शनाचा एक दाखला तर मला विसरता येत नाही. निकोबारच्या किनाऱ्यावर मेगापोड नावाचा कोंबडीएवढा पक्षी वाळू आणि पालापाचोळ्याचे ढीग रचतो आणि त्या उबेत अंडी उबवतो. १९९० च्या दशकात संकरन यांनी त्याची मोजणी केली आणि त्यांचे विद्यार्थी के. शिवकुमार यांनी त्यावर सखोल अभ्यास केला. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. किनाऱ्याबरोबर ते ढीगही वाहून गेले. दोनेक वर्षांनी शिवकुमार पुन्हा त्याच किनाऱ्यांवर हिंडले आणि पक्षी सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं दाखवून दिलं. आधीची मोजणी कुणी केलीच नसती, तर किती गेलं हे सांगायला आधारच नव्हता. गुरूने लाटेआधी मोजलं, शिष्याने लाटेनंतर.

२००८ मध्ये संकरन केंद्राचे संचालक झाले आणि १७ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेले. पुढे इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनने त्यांच्या नावाने पाठ्यवृत्तीचा कार्यक्रम सुरू केला. हे फाउंडेशन भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी मदत करण्याबद्दल आधीपासून ओळखलं जातं. या कार्यक्रमाचे तीन भाग ढोबळमानाने असे : निसर्गसंवर्धनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना शिष्यवृत्ती, एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत किंवा संस्थेत काही महिने काम शिकण्यासाठी मदत आणि देशातच छोटा अभ्यास करणाऱ्यांना लघु अनुदान. म्हणजे वर्गातलं शिक्षण, हाताखाली राहून मिळणारं शिक्षण आणि स्वतः मैदानात उतरून मिळणारं शिक्षण. ज्याच्या नावाने ही योजना आहे त्याच्या आयुष्यात तिन्ही होती.

यातला पहिला भाग आमच्या आवाक्याबाहेर होता, दुसराही. तिसरा आमच्या वीस-बावीस हजारांत बसत होता.

०००

समितीतल्या एका सदस्याने एक रास्त शंका काढली. एवढ्याशा पैशात कोण काय शोधणार? आणि शोधून आपल्या शहराला त्याचं काय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी ‘आजोबा’ने दिलं. मराठी चित्रपटामुळे हा बिबट्या अनेकांना माहीत आहे. २००९ साली नगर जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या एका विहिरीत तो पडला होता. विद्या अत्रेय यांच्या संशोधक गटाने वनखात्याच्या मदतीने त्याला गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबला नाही. महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, माणसांच्या वस्त्या टाळत तो आपल्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येऊन पोहोचला. वाटेत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही. २०११ च्या अखेरीस मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. अत्रेय यांनी जुन्नरमध्ये केलेल्या अभ्यासातून आधीच दिसलं होतं, की बिबट्यांना एका ठिकाणी पकडून दुसरीकडे सोडल्याने संघर्ष मिटत नाही, उलट वाढतो. आज काशीमिरा किंवा घोडबंदर रस्त्यालगत बिबट्या दिसला की पिंजऱ्याची मागणी होते. तेव्हा वनखातं जे समजावतं, म्हणजे कचरा साठू देऊ नका, भटकी कुत्री वाढू देऊ नका, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, त्यामागे कुणीतरी वर्षानुवर्षं शेतातून काढलेल्या रात्री आहेत. कुठल्या तरी तरुण संशोधकाला कुणीतरी दिलेला वेळ असा फिरून आपल्या सोसायटीच्या फाटकापाशी येतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र करून पाहिल्याशिवाय मिळणार नव्हतं.

०००

शिष्यवृत्ती या शब्दात ‘वृत्ती’ आहे. जुन्या मराठीत वृत्ती म्हणजे चरितार्थाचं साधन. वृत्ती लावून देणे म्हणजे पोटापाण्याची सोय करणे. याच शब्दाचा दुसरा अर्थ स्वभाव, मनाचा कल. आम्ही ठरवलं की पहिली वृत्ती द्यायची ती दुसरी पाहून. गुणांची अट काढली. अर्ज एका पानाचा ठेवला. त्यात एकच प्रश्न : या हिवाळ्यात तुम्हाला आपल्या परिसरातलं नेमकं काय मोजायचं आहे, आणि ते कुठे, कधी आणि कसं मोजाल? वशिल्याची शंका येऊ नये म्हणून अर्जावरचं नाव झाकून वाचायचं ठरलं.

अकरा अर्ज आले. त्यांपैकी सात जणांना ‘जैवविविधतेचं रक्षण’ करायचं होतं. एका अर्जात मात्र लिहिलं होतं : आमच्या आजोबांनी ज्या मिठागरात काम केलं त्याच्या पश्चिमेच्या तीन खाचरांत उधाणाचं पाणी आधी शिरतं आणि पक्षी तिथे बसत नाहीत, ते पूर्वेच्या उंच बांधावर बसतात, मला दर अमावास्या-पौर्णिमेला दोन्हीकडचे पक्षी मोजून हे खरं आहे का ते पाहायचं आहे. नाव उघडलं तर ती बारावीला ५४ टक्के मिळवलेली, आमच्याच भागातल्या आगरी घरातली मुलगी निघाली. समितीत कुणीही वाद घातला नाही.

पैसे गेले ते असे : एक साधी पण स्वच्छ दुर्बीण, गमबूट, रिक्षा-बसचं भाडं, वह्या आणि रविवारी ज्या दुकानात ती काम करत होती तिथल्या बुडलेल्या रोजाची भरपाई. हा शेवटचा आकडा लिहिताना ती संकोचली होती. मीच तिला लिहायला लावला. मेहनताना नको म्हणायची चैन प्रत्येकाला परवडतेच असं नाही.

मार्चमध्ये तिने बारा मोजण्यांची वही आणून दिली. तिचा अंदाज निम्मा खरा ठरला. पूर्वेच्या बांधावर पक्षी जास्त होते, पण भांगाच्या भरतीला फारसा फरक नव्हता. वहीच्या शेवटी एक पान निराळं होतं. तुलनेसाठी आम्ही तिला सरांच्या जुन्या नोंदवह्या दिल्या होत्या. तिने लिहिलं होतं, ‘सरांच्या वह्यांत या जागी कंठेरी चिखल्या शेकड्यांनी आहेत. मला दिसलेल्यांपैकी बहुतेकांच्या गळ्यातला पट्टा समोर तुटलेला होता, पाय काळपट होते आणि डोळ्याभोवती पिवळं कडं नव्हतं. ते केंटिश चिखल्या आहेत. सरांच्या नोंदी या एका जातीपुरत्या पुन्हा तपासाव्या लागतील.’

मी दोन रविवार तिच्याबरोबर जाऊन पाहिलं. तिचं बरोबर होतं.

समितीच्या बैठकीत हे पान वाचल्यावर सरांचा सर्वांत जुना विद्यार्थी भडकला. ‘सरांच्या नावाचे पैसे घेऊन सरांच्याच चुका काढायच्या?’ त्याचं दुःख मला कळत होतं. वडिलांच्या जागी मानलेल्या माणसाची वही होती ती. मी त्याला भरतपूरच्या म्हशींची गोष्ट पुन्हा सांगितली. तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. सरांच्या पत्नी बैठकीला आल्या होत्या. त्यांनी वही मागून घेतली, ते पान सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, ‘अहो, त्यांच्या दुर्बिणीच्या एका काचेला किती वर्षं बुरशी धरली होती. नवी घ्या म्हणून मी किती मागे लागले. पोरांच्या सहलीला पैसे लागतात म्हणायचे.’

यंदाचे अर्ज दिवाळीनंतर मागवणार आहोत. प्रश्न तोच ठेवला आहे. त्याखाली एक ओळ वाढवली आहे, आणि ती सुचवली त्या भडकलेल्या विद्यार्थ्याने : ‘आधीच्या नोंदींत काही चूक आढळल्यास पुराव्यासह लिहावी.’